माझं गालगुंड मामाला

आमच्या घरात कुणाला कधी कुठला आजार होऊन गेला, हे सगळं आईच्या डोक्यात असायचं. आई पाच भावंडांतली थोरली. धाकट्या चौघांना तिनेच कडेवर घेऊन वाढवलं, त्यामुळे कुणाचा गोवर कुठल्या श्रावणात आला आणि कुणाला कांजिण्या कुणाच्या बारशात निघाल्या, हे ती घडाघडा सांगायची. तिला कुणी उलट प्रश्न विचारत नसे. विचारणार कोण? बाकीचे तेव्हा कडेवर होते.

मी चौथीत असताना, वार्षिक परीक्षेच्या जरा आधी, मला गालगुंड झालं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला एका दुमजली चाळीत आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी. त्या महिन्यात वर्गात रोज कुणी ना कुणी गैरहजर असायचं. माझी पाळी आली तेव्हा कानाखालून उजवा गाल असा फुगला की मी आरशात बघून मोठ्याने भोकाड पसरलं. मग परीक्षा बुडू शकते हे लक्षात आलं आणि मी रडायची थांबले.

आई मला स्टेशनजवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. आमचे डॉक्टर म्हातारे आणि चिडके होते. त्यांनी माझ्या कानामागे दाबून बघितलं, तोंड उघडायला लावलं आणि आईला सांगितलं, "हे विषाणूचं दुखणं आहे. याच्यावर औषध नाही, ताप-दुखण्यापुरतं देतो. आठ-दहा दिवसांत गाल उतरेल. मुलांना सहसा काही होत नाही. फार उलट्या झाल्या, पोटात दुखलं, मान ताठली किंवा कानाने ऐकू येईनासं झालं तर लगेच घेऊन या." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "घरात मोठे पुरुष कोण कोण आहेत?"

"हे आणि माझा भाऊ."

"त्यांना होऊन गेलंय का?"

"दोघांना," आई ठणकावून म्हणाली. "ह्यांचं सासूबाईंनी सांगितलंय. आणि भावाला तर मी स्वतः पेज भरवलीये."

डॉक्टर पुढे काहीतरी सांगणार होते, पण आईचा आवाज ऐकून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. डॉक्टरांनी त्या दिवशी जरा जास्त चिकाटी दाखवायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं.

तो भाऊ म्हणजे माझा मामा. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता आणि तीन वर्षं आमच्याकडेच राहत होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल. त्याचं लग्न घाटकोपरच्या एका मुलीशी ठरलं होतं. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती. मामा तिला दोनदाच भेटला होता, तेही चौदा माणसांच्या देखत, पण तेव्हापासून तो आंघोळ करताना गाणी म्हणायला लागला होता.

आईने माझ्या दुखण्याचा पुरेपूर फायदा उठवायचं ठरवलं. मे महिन्यात चाळीतली निम्मी बिऱ्हाडं कोकणात गावाला जायची, आणि एसटीत पोरांना गालगुंड झालेलं कुणालाच परवडणारं नव्हतं. "एकदाच उरकून टाकू," असं म्हणून तिने मजल्यावरच्या सगळ्या पोरांना आमच्याकडे सापशिडी खेळायला बोलावलं. त्यांच्या आयाही खुशीत पाठवत होत्या. माझ्याभोवती सहा पोरं बसलेली, मी मधे सुजलेली. इतकी लोकप्रिय मी त्यानंतर कधी झाले नाही.

आणि मामाला 'होऊन गेलेलं' असल्यामुळे माझी सेवा मामाकडे आली. त्याची दुसरी पाळी होती, सकाळी तो घरी असायचा. तो मला पेज भरवायचा. प्रत्येक चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायचा, गरम आहे का म्हणून, आणि मग माझ्या तोंडात घालायचा. मी म्हणायचे, "एकदा बघितलंस ना?" तर म्हणायचा, "चेडवा, पेजेचो काय भरवसो नाय." चेडवा म्हणजे पोरी. असं आठवडाभर चाललं.

मी बरी झाले. आईने माझ्या पाठीमागे उभं राहून हळूच "आंबापोळी हवी का?" असं विचारलं, मी "हो" म्हणाले आणि माझे कान शाबूत असल्याचं जाहीर झालं. परीक्षा दिली. सापशिडीवाल्या सहांपैकी चौघं ओळीने सुजले. आई कृतकृत्य झाली.

मामाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि केळवणं जोरात होती. ज्याचं लग्न ठरतं त्या नवऱ्या मुलाला नातेवाईक एकेक करून जेवायला बोलावतात आणि तो फुटेपर्यंत खायला घालतात. दर रविवारी आम्ही सगळे मामाच्या मागे. चेंबूरला झालं, अंधेरीला झालं, आणि मग बोरिवलीला आईच्या चुलतभावाकडे कोंबडीवड्यांचं केळवण होतं. मामाच्या अंगात सकाळपासून कणकण होती, पण केळवणाला नाही म्हणायची पद्धत नाही.

वडे कसेबसे गेले. मग मामाने सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि "आई गं!" करून दोन्ही हातांनी जबडा धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळी पंगत त्याच्याकडे बघायला लागली.

"तिखट झाली काय?" बोरिवलीच्या वहिनींनी विचारलं.

मामाने मान हलवली. त्याला बोलता येत नव्हतं. वहिनींना वाटलं, लग्न करून बहिणीचं घर सोडायचं म्हणून याला भरून आलं. त्यांचेही डोळे पाणावले आणि त्यांनी त्याच्या वाटीत आणखी सोलकढी ओतली. आग्रह मोडायचा नाही म्हणून त्या माणसाने तीन वाट्या सोलकढी रडत रडत संपवली. आंबट काही तोंडात गेलं की गालगुंडात कळ येते, हे मला आठवड्याभराच्या अनुभवाने माहीत होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण आईने सांगितलं होतं ना की त्याला होऊन गेलंय. मग ते डोक्यात येणार कसं?

सोमवारी सकाळी मामा उठला तेव्हा त्याचे दोन्ही गाल सुजले होते. मान नावाचा भाग उरला नव्हता.

"दाढ असतली," आई म्हणाली.

"दोनय बाजूंनी?" मामा कसाबसा बोलला.

"दोन दाढा असतल्यो. तुका गालगुंड होऊन गेलाहा. माका आठवता."

तरी तिने त्याच दुपारी गावाला आजीला पत्र टाकलं. उत्तर आलं ते दहा दिवसांनी, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. त्यात होतं की गालगुंड मधल्या भावाला झालं होतं. मामा लहानपणी करवंदीच्या जाळीत शिरला तेव्हा त्याला गांधीलमाशी चावली होती आणि गाल सुजला होता. पेज तेव्हा भरवली होती. आईने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि चार दिवस कुणाशी धड बोलली नाही. पण ते पत्र येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सोमवारीच बाबांनी डॉक्टरांना घरी आणलं. मामा आतल्या खोलीत, मी दोन खोल्यांमधल्या पडद्यामागे. डॉक्टर बाहेर येऊन बाबांना खालच्या आवाजात म्हणाले, "मोठ्या पुरुषांत हे कधी कधी खाली उतरतं. अंडाला सूज येते. सगळ्यांना नाही. उतरलं तरी बहुतेक वेळा एकाच बाजूला, आणि आठवड्याभरात ओसरतं. पुढे मूल होत नाही असं फार क्वचित."

बाबा म्हणाले, "तीन आठवड्यांवर लग्न आहे हो."

"मग झोपवून ठेवा," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

मला बाकी काही कळलं नाही, पण 'मूल होत नाही' एवढं कळलं. आणि ते माझं गालगुंड होतं हेही कळलं. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं पुरेसं असतं. मी गॅलरीत जाऊन गपचूप बसले. माझ्यामुळे मामाला मुलं होणार नाहीत आणि घाटकोपरची मुलगी लग्न मोडणार, असं माझ्या मनात पक्कं झालं.

मजल्यावर बातमी पसरायला तासभर लागला. शेजारचे काका आले. ते गिरणीत चाळीस वर्षं जॉबर, म्हणजे मुकादम, होते, आता घरी असायचे आणि कुठलीही गोष्ट दुरुस्त करता येते यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी मामाकडे बराच वेळ बघितलं.

"वरून खाली उतरतं ना?" ते बाबांना म्हणाले. "मग खालची बाजू वर करा. सोपं काम आहे."

त्यांनी स्वतः खालून चार विटा आणल्या आणि मामाच्या लोखंडी खाटेचे पायाकडचे दोन पाय त्यावर चढवले. मामा उताराला लागला. उशी काढून घेतली. आईने त्याच्या हनुवटीखालून डोक्यावर पंचा बांधला, त्यात गरम मिठाची पुरचुंडी. तो हळूहळू डोक्याच्या बाजूला घसरायचा, मग मी आणि बाबा त्याला पाय धरून परत वर ओढायचो. त्याचा सुजलेला चेहरा लाल होऊन टोमॅटोसारखा दिसायचा. काका दिवसातून तीनदा येऊन कोन तपासायचे आणि "उतरत नाही बघ, झकास," म्हणून जायचे. मी तेवढ्या वेळा देवाला नमस्कार करायचे.

पाचव्या दिवशी उतरलं.

ताप चढला, थंडी वाजायला लागली आणि मामा उताणा पडून नुसता कण्हत होता. बाबांनी पुन्हा डॉक्टरांना आणलं. डॉक्टर दारात आले आणि खाट बघून तिथेच थबकले.

"विटा कुणी लावल्या?"

काकांनी अभिमानाने पुढे होऊन सांगितलं.

"अहो, तो विषाणू रक्तातून जातो! त्याला काय जिना लागतो?" डॉक्टर ओरडले. "काढा त्या विटा! पंच्याची घडी करून खाली आधार द्या, थंड पाण्याच्या घड्या ठेवा आणि या माणसाला सरळ झोपू द्या!"

काकांनी विटा उचलल्या. जाताना दारात थांबून म्हणाले, "तरी पाच दिवस रोखून धरलं." डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तपासून ते म्हणाले की एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू ठीक आहे. आई भिंतीला टेकून खाली बसली.

घाटकोपरला कळलंच. बोरिवलीच्या वहिनींना मामाच्या गालगुंडाची बातमी लागली तेव्हा त्यांना सोलकढीचा उलगडा झाला आणि त्यांनी जिकडे तिकडे सांगितलं. मुलीचे वडील आले. सभ्य गृहस्थ, खाली मान घालून बोलणारे. त्यांनी चहा घेतला, लग्नाच्या हॉलबद्दल बोलले, पंख्याबद्दल बोलले आणि शेवटी म्हणाले, "डॉक्टरांकडून तेवढं लिहून मिळालं तर बरं होईल. पुढे काही अडचण नाही, असं."

बाबा त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक मुलं होतील. पण लिहून देणार नाही. कोणालाच देत नाही. तुमच्या लग्नात तुमच्याबद्दल कोणी लिहून दिलं होतं का?" गृहस्थ निघाले आणि बाबांना म्हणाले, "दोन दिवसांत कळवतो."

ते दोन दिवस मला अजून आठवतात. मामा आता सरळ झोपलेला, भिंतीकडे तोंड करून. आंघोळीची गाणी बंद. मी त्याच्यापाशी जाऊन म्हणाले, "मामा, माझ्यामुळे झालं." तो म्हणाला, "तुझ्यामुळे नाय, आबासामुळे." आबास हे आमच्याकडे आजाराच्या साथीला म्हणायचे. पण तो माझ्याकडे वळला नाही, आणि मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला दारात एक बाई उभी राहिली. खांद्याला शबनम पिशवी, हाताला खडू. मामाची होणारी बायको. लग्नाआधी मुलगी एकटी मुलाच्या घरी आली, हे आमच्या मजल्याने पहिल्यांदाच पाहिलं. गॅलरीत एकदम सगळ्यांचे कपडे वाळत घालायचे राहिलेले निघाले.

आई गडबडली. "बस गं. पाणी... अगं तुला पण होईल!"

"मला दुसरीत झालंय ताई. आणि दर वर्षी वर्गात दहा-पंधरा पोरांना होतं. गालगुंडाला मी घाबरत नाही," ती म्हणाली आणि सरळ आतल्या खोलीत गेली. मी पाठोपाठ. मामाने डोक्यावरचा पंचा सोडायचा प्रयत्न केला, पण गाठ आईची होती.

ती स्टुलावर बसली. "दुखतंय का?"

"आता कमी आहे."

"खाली उतरलं का? खरं सांगा."

बाहेर आईच्या हातून पेला पडला. मामा छताकडे बघत म्हणाला, "उतरलं. एका बाजूला. डॉक्टर म्हणतात बहुतेक काही होणार नाही. पण ते लिहून देत नाहीत. तुमचे वडील बरोबर आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर मी राग धरणार नाही."

"माझे वडील कागदाला चिकटतात, त्यांना सवय आहे, ते कचेरीत होते," ती म्हणाली. "माझ्या वर्गात पन्नास पोरं आहेत. दिवसभर बाई, बाई, बाई. घरी एकही नसलं तर मी रविवारी दुपारी झोपेन. असलं तर नाही झोपणार. मला दोन्ही चालेल. तुम्हाला चालेल का ते सांगा."

त्याच्या त्या सुजलेल्या चेहऱ्यावर रडू आलं की हसू, ते मला ओळखता आलं नाही. शेवटी त्याने मान डोलावली. ती उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, "ही का ती, जिच्यापासून आलं?" आणि मला जवळ घेऊन माझा गाल एवढ्या जोरात ओढला की तो पुन्हा सुजेल असं वाटलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मामा जरा वाळला होता, सूट ढगळ झाला होता. बोरिवलीच्या वहिनींची दोन मुलं आणि त्यांचे वडील गालाला मफलर गुंडाळून आले होते. मे महिन्यात मफलर. आमच्या बाजूच्या फोटोत तीन गालगुंडवाले आहेत आणि नवरीकडची माणसं त्यांच्यापासून दोन हात लांब उभी आहेत.

मामा-मामी कळव्याला राहायला गेले. एक वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. मूल झालं नाही. कुणी मला काही बोललं नाही, पण मी दर सुट्टीत तिकडे जायचे आणि गेल्या गेल्या मामीच्या पोटाकडे बघायचे. मला वाटायचं, कुणाला कळत नाही. दहावीच्या वर्षी मामाने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "चेडवा, आम्ही दोघांच्या टेस्ट केल्या. माझं सगळं ठीक आहे. तुझ्या गालगुंडाचा काही संबंध नाही. आता तू गणितात लक्ष घाल." माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी गणितात लक्ष घातलं, पुढे माझं सगळं नीट झालं, आणि ते गालगुंड मी चक्क विसरले.

मी तिशी ओलांडल्यावर एकदा मामीकडे गेले होते. आम्ही दोघी वालाच्या शेंगा सोलत होतो. बाहेरच्या खोलीत मामा क्रिकेट बघत पंचाला शिव्या घालत होता. बोलता बोलता मी विचारलं, "मामी, तेव्हा तुम्ही टेस्ट कुठे केल्या होत्या गं?"

"कसल्या टेस्ट?"

मी सांगितलं.

"आम्ही कधी कुठे गेलोच नाही," मामी म्हणाली. "आमचं सुरुवातीलाच ठरलं होतं, कारण शोधायचं नाही. सापडलं की दोघांपैकी एकाकडे जन्मभर बघत बसायला लागतं."

"मग मामा मला म्हणाला..."

"तू यायचीस आणि दारातूनच माझ्या पोटाकडे बघायचीस. नंतर तोंड पाडून बसायचीस. माझं काही नव्हतं गं, पण त्यांना ते बघवत नव्हतं."

मला मामाचा भयंकर राग आला. मग रडू आलं, आणि आलं ते थांबेचना. मामीने मला रडू दिलं. थोड्या वेळाने तिने शेंगांचं ताट माझ्यापुढून ओढून घेतलं.

"बाजूला होऊन रड," ती म्हणाली, "वाल ओले होतायत."